बाकावर लिहू दिलं, पण पुसलेल्याचं काय करायचं?

गणितवाली

नमस्कार मंडळी,

धागा अर्धा कौतुकाचा, अर्धा तक्रारीचा आहे. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी सहावीला गणित शिकवते. अडतीस मुलं, एकोणीस बाकं. बाकांच्या फळ्या पार कामातून गेल्या होत्या. त्या बदलायची वेळ आली तेव्हा मी हट्ट धरला की वरून पांढरं चकचकीत लॅमिनेट लावा, म्हणजे मुलांना मार्करनं थेट बाकावरच लिहिता-पुसता येईल. खरं सांगायचं तर मलाच हौस होती. हट्ट पुरवला गेला. आता त्याचा जमाखर्च मांडतेय.

पहिल्या दिवशी मार्कर वाटले आणि म्हटलं, "आजपासून कच्चं काम बाकावर." कुणी हलेना. तिसऱ्या रांगेत एक मुलगा आहे, कर्कटकानं बाकावर नाव कोरल्याबद्दल ज्याला मागच्या वर्षी दोनदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. तो टोपण न काढता माझ्याकडे बघत राहिला. "बाई, खरंच? की लिहिल्यावर ओरडणार?" शेवटी मीच त्याच्या बाकावर एक भागाकार लिहिला, तेव्हा कुठे वर्गाला पटलं.

आधी कौतुकाचं. माझ्या वर्गात एक मुलगी आहे. वहीत गणित सोडवायचं म्हणजे ती आधी समास आखते, तारीख घालते, शीर्षकाखाली पट्टीनं रेघ मारते, उदाहरण मोत्यासारख्या अक्षरात उतरवून घेते आणि मग थांबते. पहिली पायरी चुकली तर पान खराब होईल, ही धास्ती. खोडरबर इतकं घासते की कागदाला भोक पडतं. तीच मुलगी बाकावर मात्र धडाधड लिहायला लागली. एकदा पाऊणातून एक तृतीयांश वजा करायचे होते. तिनं ३/४ − १/३ मांडलं, वरच्यातून वरचा वजा, खालच्यातून खालचा वजा, आणि उत्तर काढलं २/१. मी मागेच उभी होते, काही बोलले नाही. ती उत्तराकडे बघत राहिली आणि स्वतःशीच म्हणाली, "पाऊणातून काढून दोन कसे उरतील?" खुदकन हसली आणि कोपरानं सगळं पुसून टाकलं. मग एक लांब पट्टी काढली, तिचे बारा भाग केले, नऊ रंगवले, त्यातले चार काटले, पाच मोजले. ५/१२. वहीत हीच चूक झाली असती तर डोळ्यांत पाणी आलं असतं.

आता रडगाणं. मी बाकाजवळ पोचेपर्यंत चूक गायब झालेली असते. दोन बाकं लांबून दिसतं की काहीतरी भलतंच चाललंय, जवळ जाते तोवर तळहात फिरलेला असतो. "काही नाही बाई, येतंय." वह्या निदान घरी नेऊन बघता येत होत्या. एवढा खटाटोप करून मुलं नेमकी कुठे अडखळतात हे मला आता पूर्वीपेक्षा कमी कळतं!

दुसरं म्हणजे वह्या कोऱ्या राहायला लागल्यात. पालकसभेत एकांनी वही माझ्यासमोर उघडून धरली. आठवडाभरात दीड पान. "वर्गात नक्की काय चालतं?" त्यांना काय सांगणार, चाललं ते सगळं डस्टरला लागलंय?

तिसरं, डाग. खिडकीजवळच्या चार बाकांवर जांभळट सावली कायमची राहिली आहे. कालची गणितं आजच्या गणिताखालून डोकावतात. बाह्या, तळहात, एकाचं नाक, सगळं निळं. टोपणं हरवतात, मार्कर वाळतात. आणि स्टाफरूममधले एक ज्येष्ठ सहकारी रोज न चुकता विचारतात, "आज बाक, उद्या भिंत का?"

नव्याची नवलाई ओसरल्यावरही ज्यांनी हे चालू ठेवलंय त्यांनी कृपया सांगा: पुसलेल्याचं तुम्ही काय करता? की सरळ बंद करू?


लाकूडफोड्या

ताई, शिकवण्यातलं मला कळत नाही, त्यावर मास्तर लोक बोलतील. मी शाळांचं फर्निचर करतो, तेव्हा डागांपुरतं बोलतो.

व्हाइटबोर्डच्या मार्करमध्ये रंगाची बारीक पूड असते, शाई पातळ ठेवायला अल्कोहोल असतं, पूड धरून ठेवायला थोडं रेझिन असतं आणि एक तेलकट द्रव्य असतं. खरी करामत या तेलकटाची. अल्कोहोल उडून गेलं की रंगाचा पापुद्रा त्या तेलकट थरावर नुसता बसून राहतो, खालच्या पृष्ठभागाला धरत नाही. म्हणून बोटानंसुद्धा निघतो. परमनंट मार्करमध्ये हे द्रव्य नसतं आणि रेझिन घट्ट चिकटणारं असतं.

पण हे जमतं कधी? खालचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि बंद असेल तर. लॅमिनेटचा वरचा थर मेलामाइनचा असतो. नवा असतो तोवर छान चालतो. मग कंपासपेटी घासते, कुणीतरी दप्तर ओढतं, वर्ग आवरताना कुणी भांड्याची घासणी आणि पावडर मारतं. डोळ्याला दिसणार नाहीत असे ओरखडे पडतात आणि रंग त्यात जाऊन बसतो. तुमची जांभळी सावली म्हणजे तीच. खिडकीजवळच का, तर तिथे ऊन येतं. तापलेल्या पृष्ठभागावर शाई जास्त घट्ट सुकते. शुक्रवारचं लिखाण सोमवारपर्यंत तसंच राहत असेल तर विचारायलाच नको.

उपाय सांगतो. जुन्या डागावर नवीन मार्कर गिरवा आणि ओला असतानाच फडक्यानं पुसा. नव्या शाईतलं अल्कोहोल जुनी शाई सैल करतं. चुकून परमनंटनं लिहिलेलंही असं बऱ्यापैकी निघतं. त्यानं नाही गेलं तर मऊ फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, खिडक्या उघड्या ठेवा आणि हे काम मुलांना देऊ नका. रोज शाळा सुटताना ओलसर फडकं फिरवलं तर एवढी वेळच येत नाही. कोरडं डस्टर रंगाची पूड फक्त इकडून तिकडे करतं, आणि तीच पूड बाह्यांना लागते. घासणी, राख, पावडर मात्र अजिबात नको. एकदा चकाकी गेली की ती फळी लिहिण्याच्या कामातून गेली.

लोक दुसरे पर्याय विचारतात म्हणून सांगून ठेवतो. पांढरी चिकटपट्टीची फिल्म मिळते, बाकावर चिकटवायची. माझा अनुभव वाईट. मुलांच्या नखाला कोपरा सापडला की आठवड्यात अर्धी निघते, आणि खालून बुडबुडे येतात ते वेगळंच. अ‍ॅक्रिलिकच्या शीटवर सुरुवातीला मस्त लिहिता येतं, पण ती अल्कोहोलनं पुसली की तिला केसासारख्या बारीक चिरा पडतात. सगळ्यात टिकाऊ म्हणजे काच, नाहीतर एनॅमल केलेला पत्रा. एनॅमल म्हणजे पत्र्यावर काचेचाच थर, सुमारे ८०० अंशांना भाजलेला, त्यात शाई शिरायला जागाच नाही. पण दोन्ही जड. आणि काच लावायची तर टफन्ड (तापवून मजबूत केलेली) हवी आणि कडा बंद हव्यात, मुलांचा मामला आहे.

लॅमिनेटच घ्यायचं असेल तर निदान तुकडा मागवून घ्या. त्यावर सगळ्या रंगांनी लिहा, आठवडाभर उन्हात ठेवा आणि मग पुसा. कॅटलॉगमधलं "लिहिण्यायोग्य" वाचून घेऊ नका. सुताराला "चकचकीत हवं" एवढंच सांगितलं तर चकचकीत येईल, पण लिहिण्याचं असेलच असं नाही. मॅट किंवा खरबरीत फिनिशवर तर मार्कर लावूच नका.

हां, आणि मार्कर आडवे ठेवा. टोक वर करून डब्यात उभे ठेवले की शाई खाली बसते आणि टोक कोरडं पडतं. निम्मे "वाळलेले" मार्कर वाळलेले नसतातच.


पाटीपेन्सिल

लाकूडफोड्या, वाचनखूण साठवली आहे. मार्कर आडवे ठेवायचे हे तीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी सांगितलं नाही.

गणितवालीबाई, तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना माझा नमस्कार कळवा आणि विचारा, पाटी विसरलात का? पुसता येणाऱ्या पृष्ठभागावर शिकणं हे नवं खूळ नाही, कागदाची वही हेच त्या मानानं नवं खूळ. अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री मद्रासच्या अनाथ मुलांची शाळा चालवत होता. तिथल्या गावशाळांत मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवतात हे त्यानं पाहिलं आणि आपल्या शाळेत तीच पद्धत आणली. १७९७ मध्ये त्यानं त्यावर लंडनमध्ये पुस्तिका छापली आणि वाळूचे ट्रे इंग्लंडच्या शाळांत पोचले. ज्याला आपण धुळाक्षरं म्हणतो, तीच की ही! असो, अवांतर झालं.

तुमचा खरा प्रश्न पहिला आहे, चूक पुसली जाते हा. पाटीच्या काळात आम्हीही यानंच बेजार होतो. आम्ही पाटी थुंकीनं पुसणारी पिढी, मास्तर पोचायच्या आत पाटी साफ. पुढे मीच मास्तर झालो तेव्हा एक नियम केला आणि निवृत्त होईपर्यंत मोडला नाही: खोडायचं, पुसायचं नाही.

आपल्या भाषेत हे दोन वेगळे शब्द आहेत आणि फरक मोलाचा आहे. खोडलेलं दिसत राहतं, त्यावर फक्त एक आडवी रेघ येते. पुसलेलं नाहीसं होतं. गंमत बघा, ज्याला आपण खोडरबर म्हणतो ते खोडत नाही, पुसतंच. मी मुलांना सांगायचो, उत्तर चुकलंय असं वाटलं तर त्यावर एक रेघ मारा आणि शेजारी नवं लिहा. एकच रेघ. गिरगटा करून काळं करणाऱ्याला मी ते परत लिहायला लावायचो, कारण मला खालचं वाचायचं असायचं. पाटी भरली की हात वर करायचा. मी बघितल्याशिवाय पाणी लावायचं नाही.

पहिले आठ-दहा दिवस मुलं चोरून पुसतात. का पुसतात? कारण चूक म्हणजे ओरडा, हे समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तुमच्या त्या कर्कटकवाल्या मुलानं पहिल्याच दिवशी हेच नव्हतं का विचारलं? म्हणून सुरुवातीला मी चुकीच्या, पण खोडलेल्या उत्तरांपासून बोलायला लागायचो. "हे तू का खोडलंस?" एवढाच प्रश्न. बरोबर उत्तराकडे बघायचोही नाही. चार दिवसांत मुलं स्वतःहून खोडलेलं दाखवायला लागली.

तुमच्या वर्गातली ती पाऊणवाली मुलगी. "पाऊणातून काढून दोन कसे उरतील" हे वाक्य आहे ना, त्या तासाची कमाई ती होती. आणि नेमकी तीच कोपराखाली गेली.


दोघांची आई

मी शिक्षिका नाही, वही उघडून धरणाऱ्या पालकांपैकी एक आहे. जरा आमच्या बाजूनं पण बघा. संध्याकाळी मूल अभ्यासाला बसतं, आणि वर्गात काय झालं ते कळायला आमच्याकडे वहीशिवाय काही नसतं. बाकावर लिहायला हरकत काहीच नाही. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलगा म्हणतो "ते बाकावर होतं", तेव्हा मी काय करावं?

आणि हो, बाह्यांवरचा डाग पाण्यानं हलत नाही. आधी स्पिरिट लावून खाली जुनं फडकं धरायचं आणि टिपायचं, मगच साबण. आधी साबणानं घासलं की पसरतो. हे ज्ञान तीन शर्ट वाया घालवून मिळालंय.


डावखुरा

सगळं वाचलं. मी भौतिकशास्त्र शिकवतो, नववी-दहावी. आमच्याकडे अशी टेबलं चार वर्षं आहेत, म्हणून थोडं विरजण घालतो आणि थोडी बाजूही घेतो.

आधी स्वतःचं दुखणं. डावऱ्या मुलांचा विचार कुणीच करत नाही. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे डावऱ्याचा हात आत्ताच लिहिलेल्या अक्षरांवरून सरकत जातो. कागदावर पेन्सिल फार तर थोडी फासते, इथे मात्र आख्खी ओळ पुसली जाते. ओळ संपेपर्यंत ओळच शिल्लक नसते! माझ्या वर्गात तीन डावरे आहेत. त्यांना बाकाच्या डाव्या टोकाला बसवतो, म्हणजे कोपर शेजाऱ्याला लागत नाही, आणि ओळीच्या खालून हात ठेवून लिहायला शिकवलंय. एकाला तेही जमत नाही, तो टेबलावर कागदच वापरतो. वापरू दे.

दुसरं, चकाकी. दिव्याखालच्या टेबलावर काही कोनांतून नुसता पांढरा झगमगाट दिसतो, अक्षर नाही. मुलं तक्रार करत नाहीत, नुसती मान वाकडी करून बसतात. एकदा स्वतः प्रत्येक जागेवर बसून बघा.

आता बाजू. कामचलाऊ स्मृती नावाची गोष्ट फार तोकडी असते. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरनं १९५६ मध्ये सात, अधिक-उणे दोन असा अंदाज मांडला होता. नेल्सन कोवननं २००१ मध्ये तो आणखी खाली, चारच्या आसपास आणला. म्हणजे एका वेळी मनात धरता येतात त्या मोजून चारेक गोष्टी. छेद समान करताना मुलाला दोन अपूर्णांक, त्यांचा लसावि, दोन्ही गुणक आणि आपण कुठवर आलो हे सगळं धरायचं असतं. तिथे चार कधीच ओलांडले. बाक म्हणजे मनाबाहेरची जास्तीची जागा. अर्थात हे काम कागदही करतो. बाकाचा फायदा वेगळा आहे: तिथे लिहिणं मोफत वाटतं. कॅनडातले गणितशिक्षणाचे संशोधक पीटर लिल्येदाल यांनी गटांना उभे आणि आडवे फळे, मोठे कागद आणि वह्या देऊन बघितलं. पुसता येणाऱ्या पृष्ठभागावर मुलांनी काही सेकंदांत पहिलं काहीतरी लिहिलं. मोठ्या कागदावर तेच करायला मिनिटं लागली. न पुसता येणाऱ्या मोठ्या कागदावर पहिली खूण करायला माणूस कचरतो. तुमची समास आखणारी मुलगी हेच सांगतेय.

मात्र तेच संशोधक आडव्यापेक्षा उभ्या पृष्ठभागाला जास्त मानतात, आणि मला ते पटतं. बाकावरचं लिखाण समोर बसलेल्याला उलटं दिसतं, शिक्षकाला वाकल्याशिवाय दिसत नाही. भिंतीवरचं वर्गभर दिसतं. बाकांच्या या अडचणीवर मात करायला मी एक करतो, दोघांत एकच मार्कर. ज्याच्या हातात मार्कर आहे त्यानं स्वतःच्या डोक्यातलं लिहायचं नाही, शेजारी सांगेल ते लिहायचं. पाच मिनिटांनी मार्कर दुसऱ्याकडे. आवाज वाढतो, पण चूक पुसली जायच्या आधी ती मोठ्यानं बोलली गेलेली असते. मला लांबूनसुद्धा ऐकू येते.

आणि एक वापर, जो माझ्या मते बाकाचा सगळ्यात चांगला आहे आणि ज्यात पुसलं तरी काही बिघडत नाही. तास सुरू झाला की वह्या बंद, दप्तरं खाली. कालच्या तासातलं जेवढं आठवतं तेवढं बाकावर लिहा. चार मिनिटं. मग वही उघडा आणि सुटलेलं वेगळ्या रंगानं भरा. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. एका गटानं उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. माझ्या वर्गात प्रकाशाच्या परावर्तनाचे नियम या चार मिनिटांनी बसले, माझ्या तीन व्याख्यानांनी नाही.

बाकी उत्साहाचं म्हणाल तर तिसऱ्या आठवड्यापासून मुलं बाकावर मिशा आणि चेहरे काढायला लागतात. माझेच.


धूळपाटी

एक छोटी भर. मी पहिलीला आहे. लहान मुलांना अक्षरवळण शिकवायला हे बाक वापरू नका. पृष्ठभाग फार गुळगुळीत असतो, मार्कर घसरतो, आणि ज्यांचा हात अजून बसायचाय त्यांना अक्षर थांबवताच येत नाही. क ची गाठ गरगरत जाते. पाटीवर पेन्सिल कुरकुरते, कागदाला पेन्सिल धरते, ते धरणं या वयात लागतं. मोजणी, चित्रं, जोड्या लावा यासाठी मात्र आमच्याकडेही बाकावर दंगा असतो.

ज्यांच्याकडे असे बाक नाहीत त्यांच्यासाठी: पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात पांढरा पुठ्ठा सरकवा. झाली पाटी. आत चौकटीचा कागद घातला की गणिताची, चार रेघी घातला की इंग्रजीची.


गणितवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला अडीच आठवडे लागले, कारण म्हटलं करूनच सांगावं.

पाटीपेन्सिल सर, तुमचा नियम दुसऱ्याच दिवशी फळ्यावर लिहिला: खोडा, पुसू नका. पहिले चार दिवस माझ्याच तोंडून दर दोन मिनिटांनी "पुसू नकोस" निघत होतं. मग डस्टर आणि फडकी गोळा करून टेबलावर ठेवली. मुलं तळहात वापरायला लागली. पाचव्या दिवशी मी स्वतः फळ्यावर भागाकार करताना चुकले. मुद्दाम नाही हो, खरंच चुकले. ४३२ ला १२ नं भागताना तीनदा बारा छत्तीस केलं, आणि त्रेचाळीसमधून छत्तीस वजा केले तर लिहिले सहा. हात डस्टरकडे गेला आणि वर्ग एका सुरात ओरडला, "बाई, खोडा!" खोडलं. बाजूला सात लिहिले. त्यानंतर मला फारसं सांगावं लागलं नाही.

डावखुरा सर, दोघांत एक मार्कर हा प्रकार आवडला, पण अडतीस मुलांच्या वर्गात आवाज असा होतो की शेजारच्या वर्गातून चिठ्ठी आली. आता आठवड्यातून दोनदाच करते. चार मिनिटांचं आठवून लिहिणं मात्र रोज. गुणाकार-भागाकाराच्या नियमांपेक्षा व्याख्यांना जास्त उपयोगी पडतं असं माझं तरी मत झालंय.

वहीचं असं केलंय. तासाच्या शेवटची सात मिनिटं राखून ठेवते. सगळं उतरवून घ्यायचं नाही. बाकावरचं एकच गणित निवडायचं, शक्यतो जे खोडलंय ते. डाव्या बाजूला खोडलेलं जसंच्या तसं, उजवीकडे बरोबर केलेलं, आणि खाली एका ओळीत आपलं कुठे चुकलं ते स्वतःच्या शब्दांत. दोघांची आई, हे तुमच्यासाठी. मुलगा "बाकावर होतं" म्हणाला तर वहीत निदान एक गणित असेल, आणि ते त्याचं स्वतःचं असेल. आठवड्याला पाच. दीड पानाची तीन पानं झालीत.

पहिल्या आठवड्यात त्या एका ओळीत सगळ्यांनी "माझी चूक झाली" एवढंच लिहिलं. छत्तीस वह्यांत! गैरहजर दोघांनी तेवढं लिहिलं नव्हतं. मग सांगितलं, "चूक" हा शब्दच वापरायचा नाही. आता बरं चाललंय. समासवाल्या मुलीची परवाची वही माझ्यासमोर आहे. समास आखलेला आहे, तारीख आहे, शीर्षकाखाली दुहेरी रेघ आहे, ते सुटायचं नाही. आणि खाली: "मी छेदातून छेद वजा केला. मग उत्तर दोन आलं. पण आपल्याकडे एकसुद्धा पूर्ण नव्हता." तिनं जुनंच गणित निवडलं होतं, त्या दिवशी कोपरानं पुसलेलं. आठवणीतून परत मांडलं, परत खोडलं.

जे नाही जमलं तेही सांगते. लांबलचक गुणाकार बाकावर मावत नाहीत. मार्करचं टोक जाड असतं, चार अंकी गुणाकार शेजाऱ्याच्या हद्दीत जातो आणि मग भांडणं. त्याला कागदच. भूमितीलाही नको. कर्कटकाचं टोक लॅमिनेटवर टेकवलं की लाकूडफोड्यादादांना इथे बसल्या बसल्या त्रास होईल. आणि दोन मुलांना बाकावर लिहायला अजिबात आवडत नाही, त्यांना वहीच बरी वाटते. आधी मी त्यांच्या मागे लागले होते, आता सोडून दिलंय.

दादा, डाग. गिरवून पुसायची युक्ती चालली. चारपैकी तीन बाकं जवळपास साफ झाली. चौथ्यावर एक लाल ओळ आहे, काही केल्या निघत नाही. आहे पण अशी: ७ × ८ = ५४. त्या बाकावरच्या दोघांना आता सात आठे म्हटलं की चोपन्नच आठवतं. काय करू?


लाकूडफोड्या

लाल रंग हट्टी असतोच. अल्कोहोलचं फडकं डागावर दोन मिनिटं ठेवून मग पुसा. तरी नाही गेलं तर ओरखडा खोल आहे, ती फळी बदलेपर्यंत राहणार.


पाटीपेन्सिल

राहू दे की. वरून एक आडवी रेघ मारा आणि शेजारी ५६ लिहा.


गणितवाली

मारली. मुलांनीच मारली, मी वर्गात पोचायच्या आत. परमनंट मार्करनं.


लाकूडफोड्या

अहो ताई!! त्यावर लगेच साधा मार्कर गिरवा, सुकायच्या आत पुसा. आणि ते परमनंट मार्कर आधी कपाटात कुलपात टाका.